साडेचार फेरे

"काकू, जरा बाहेर येता?" मिस्त्रीने परसातून हाक मारली. "हा हिरवा रंग कोणी लावलाय?"

ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी कपबशा विसळत होती. ओले हात झटकत बाहेर आली. परसात गाडी उभी होती. म्हणजे आता उभी होती असंही म्हणता येत नव्हतं. वरचं धूड मिस्त्रीने ओंडक्यांवर टेकवून वेगळं केलं होतं. ते रोपवाटिकेवाला नेणार होता, आत कुंड्या मांडायला. खालचा सांगाडा भंगारात जायचा होता. आणि मागचा एक्सल, दोन टोकांना दोन चाकं आणि मधोमध लोखंडी फुगीर पोट असलेला तो जाडजूड आडवा दांडा, दोन पिंपांवर ठेवला होता. पोटाच्या तोंडाशी पंजाएवढी तबकडी असते, इंजिनाकडून येणारा फिरता दांडा तिला जोडतात. मिस्त्रीने ती तबकडी पेट्रोलच्या फडक्याने पुसली होती, आणि काळ्या रंगाखालून, वंगणाखालून, सात वर्षांच्या मळीखालून एक हिरवा ठिपका वर आला होता. तिच्या खिडकीच्या गजांचा हिरवा. ती वाकली. ठिपक्यात बारीक रेघा होत्या, बोटाच्या टोकावर असतात तशा, एकात एक वळलेल्या.

"कारखान्यातला नाही हा," मिस्त्री म्हणाला. "असला रंग कारखानेवाले जावयाच्या गाडीलासुद्धा देणार नाहीत."

"माझा आहे," ती म्हणाली. "माझं बोट आहे ते."

"म्हणजे तुम्हीपण आमच्यातल्याच की!" मिस्त्री हसला आणि पुन्हा खाली वाकून कामाला लागला. त्याला काय ठाऊक! त्याने फक्त एक तबकडी पुसली होती. ती मात्र तिथेच उभी राहिली. हातांवरचं पाणी वाळलं. गेली सात वर्षं या घरात एक गोष्ट उजेडाइतकी खरी होती: हा एक्सल तो नव्हेच. तिच्या नवऱ्याने तपासून घेतलेला एक्सल त्याच्या धाकट्या भावाने वेल्डिंगला म्हणून नेला आणि परत आणताना बदलून दुसराच आणला. नवरा हे मरेपर्यंत म्हणत होता. मरून आता आठ महिने झाले. आणि हा ठिपका म्हणत होता, तोच आहे गं. तोच आहे. तुझंच बोट.

ती घरात आली, खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. नळ चालूच राहिला होता, तो बंद केला. मग आणखी एक गोष्ट हळूहळू वर यायला लागली, रंगाखालून रंग निघावा तशी, आणि ती तिला नको होती.

गाडीची कल्पना सासूमुळे निघाली होती. सासू अंथरुणाला खिळलेली, पण जीभ शाबूत. ती जन्मली ते गाव डोंगराच्या माथ्यावर, शेवटचा चढ नुसत्या कातळाचा आणि सुट्या दगडांचा. "एकदा तिथलं वारं खाऊ द्या रे," ती म्हणायची, "मग खुशाल मरते. तुमचीही सुटका." थोरल्याकडे पाव पोचवायची जुनी व्हॅन होती, आत खाट मावायची, पण चढाचं नाव काढलं की ती हातपाय गाळायची. धाकट्याकडे मोजणीखात्यातून निकालात निघालेली जीप होती. ती भिंतीवरही चढली असती, पण तिच्यात निजायला जागा नव्हती, आणि बसल्या माणसाचे मणके ढिले व्हायचे. एका रविवारी दोघे भाऊ परसात उकिडवे बसले, मातीत काडीने रेघा ओढू लागले, आणि संध्याकाळपर्यंत ठरलं: वरून व्हॅन, खालून जीप. चारही चाकं ओढणारी, आणि आत आईची खाट. "म्हणजे खेचर," सासू आतून ओरडली. "आई एक, बाप दुसरा. पोरं होत नाहीत म्हणा खेचराला, पण चढतं बापडं." गाडीला तेच नाव पडलं. खेचराला आज दरवाजा बसला, खेचराचे दिवे लागले. चौदा महिने दर रविवारी ग्राइंडरच्या ठिणग्या उडायच्या आणि दोन भाऊ एकमेकांना शिव्या घालत हसायचे. सांगाडा व्हॅनपेक्षा वीतभर आखूड निघाला तेव्हा तो कापून मध्ये तुकडा जोडला. व्हॅनचा तळ तर तिने स्वतः घासला होता, पावाचा चुरा निघेपर्यंत. तिला वाटायचं, संसार म्हणतात तो हाच असेल, दोन निरनिराळी जनावरं कापून एक करायची आणि ते चालेल अशी आशा धरायची.

जीपचा मागचा एक्सल गंजून गेला होता. धाकट्याने जुन्या सामानाच्या बाजारातून दुसरा आणला. "विकणारा म्हणतो, सेम जीपचा. पण दादा, त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस, मोजून घे. पुढचा आणि मागचा सारखे नसले तर वाट लागेल."

मोजायचं म्हणजे काय, ते नवऱ्याने तिला त्या दिवशी समजावलं होतं. एक्सल पिंपांवर ठेवायचा. एका टोकाच्या चाकाला पाचर मारायची. दुसऱ्या टोकाचं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं, आणि तेवढ्यात मधली तबकडी किती फेरे फिरते ते पाहायचं. पुढच्या एक्सलची तबकडी चार फेरे आणि वर नखभर फिरली होती. ते त्याने आदल्या दिवशी भावाबरोबर मोजून ठेवलं होतं. मागचीही तितकीच फिरायला हवी. नाहीतर काय होतं? "दोन माणसांनी एक पेटी उचलून चालायचं," तो म्हणाला होता, "आणि एकाचं पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं. मऊ जमिनीवर चाकं जराशी घसरतात, निभावून नेतात. कातळावर घसरायलाच जागा नाही. मग मधलं काहीतरी मोडतं."

एकट्याने मोजता येत नाही. चाक या टोकाला, तबकडी मध्ये. धाकटा त्या दिवशी आला नव्हता, आणि सकाळचे आठ वाजून गेले होते.

आठ ते नऊ तिचं मौन असे. बावीस वर्षांचा नेम. दिवा लावल्यावर एक तास तोंडातून शब्द काढायचा नाही, मनात नाम चालू ठेवायचं, हात कामात असले तरी चालतील. ताप आला तरी मोडला नव्हता, पोरगी सासरी निघाली त्या सकाळीही मोडला नव्हता. नवरा आधी थट्टा करायचा, "एक तास शांतता, देवाची कृपा," आणि मग हळूहळू त्याला त्याचा अभिमान वाटायला लागला. लोकांना सांगायचा, आमची ही उरलेले तेवीस तासही खोटं बोलत नाही.

"बोलू नकोस," तो त्या दिवशी म्हणाला, "नुसती बघ. बोटांनी दाखव." खूण करायला खडू सापडेना. खिडकीच्या गजांना दिलेला रंग डब्याच्या तळाशी होता, पण ब्रश वाळून काठी झालेला. "बोट बुडव की." तिने बोट बुडवलं आणि तबकडीच्या वरच्या कडेला टेकवलं. थंडगार लोखंड. तो तिकडे टोकाला चाकाशी बसला, पाठ तिच्याकडे. फिरवायला लागला. हिरवा ठिपका खाली गेला, वर आला. एक. मनात नाम चाललेलं, त्याच्या लयीत ठिपका येत होता, आणि तिला त्याची मौजही वाटली. दोन. तीन. चार. आणि ठिपका थांबला नाही. चौथ्यांदा वर येऊन तो पुढे उतरत गेला, उतरत गेला, आणि चाक थांबलं तेव्हा तो पार तळाला होता, जमिनीकडे तोंड करून.

"झाले दोन फेरे," नवरा चाकाला धरून मान वळवत म्हणाला. "किती?"

तिने चार बोटं दाखवली. मग हात हवेत राहिला. अर्धा कसा दाखवायचा?

"चार आणि थोडं वर. पुढच्यासारखेच ना?"

आणि तिने मान हलवली. हो.

तिने हलवली होती. आत्ता खुर्चीवर बसून ती ते पाहत होती, जणू दुसऱ्याच कुणा बाईची मान. नाही म्हटलं असतं, तर त्याने विचारलं असतं, मग किती? पाव? अर्धा? पाऊण? कागद शोधावा लागला असता, हातवारे करावे लागले असते, किंवा बोलावं लागलं असतं. नऊला वीस मिनिटं होती. नऊ वाजले की सांगू, असं तिने मनात म्हटलं होतं. हे खरंच म्हटलं होतं का? म्हटलं असावं. आणि नऊला काय झालं? सासूने हाक मारली, तिची कूस बदलायची होती, मग चादर, मग आंघोळ, मग पोरीचा फोन. दुपारी परसात पाहिलं तर पिंपं रिकामी. धाकटा येऊन एक्सल घेऊन गेला होता, स्प्रिंगांच्या बैठका वेल्डिंग करून आणायला. नेताना दोघांचं बोलणं तेवढं आतून तिच्या कानावर आलं होतं. "मोजलास ना दादा?" "मोजला. हिने मोजला. सारखाच." एवढं ऐकूनही तिला काही आठवलं नव्हतं. पाण्यावर काढलेली रेघ जशी मिटते तसा तो अर्धा फेरा मिटून गेला होता. की तिने मिटवला होता? हा प्रश्न तिने बरोबर आज, आत्ता, पहिल्यांदा स्वतःला विचारला आणि देवघराच्या कोपऱ्याकडे पाहायचं टाळलं.

चार दिवसांनी एक्सल आला, दोन्ही कडांना वेल्डिंगचे जाड टाके, वरून नखशिखान्त काळा रंग. खेचर उभं राहिलं. रस्त्यावर तर झकास पळालं, कारण तिथे मागचीच दोन चाकं ओढतात. सासूला नेण्याआधी चढाची परीक्षा घ्यायला भाऊ दोघेच गेले. कातळ लागला तशी नवऱ्याने पुढची चाकं जोडली. शे-दीडशे पावलं खेचर चढलं. मग खालून कण्हल्यासारखा आवाज, मग गचके, मग एक असा आवाज की नवरा पुढे कधी सांगायचा तेव्हा दोन्ही कान झाकून घ्यायचा. चारही चाकांना ताकद वाटून देणारी पेटी उभी चिरली होती. आत तेल, तेलात दातांचे तुकडे.

गाडी ओढून आणली ती याच परसात. आणि इथेच, या दाराच्या चौकटीत ती उभी असताना, दोघे भाऊ समोरासमोर. त्यांनी मागचा एक्सल पुन्हा मोजला होता, तिकडेच, डोंगराखाली. साडेचार.

"माझ्याकडून गेला तेव्हा चार होता," नवरा म्हणाला.

"दादा, जो नेला तोच आणला."

"लोखंड रस्त्यात वाढलं म्हणतोस?"

"तुझं मोजण्यात चुकलं असेल."

"मी नाही मोजला. हिने मोजला."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते, आणि नाकावर वंगणाचा एक पट्टा, लहान मुलासारखा. "वहिनी?"

तेव्हा मौन नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते. शब्दांना पूर्ण मोकळीक होती. आणि ती म्हणाली, "सारखेच होते, भाऊजी." अगदी शांतपणे म्हणाली, कारण तिला आपली मान आठवत होती आणि आपली मान खोटी हलत नाही हेही तिला माहीत होतं. बावीस वर्षांच्या नेमाचा तिला भरवसा होता. माणसाने आपल्या डोळ्यांपेक्षा आपल्या पुण्यावर जास्त विसंबावं, याहून मोठं आंधळेपण ते कोणतं?

"ऐकलंस?" नवरा म्हणाला. "चांगला विकून खाल्लास आणि हा गळ्यात मारलास. आईच्या खाटेखालचं लोखंड खाल्लंस तू."

धाकट्याने हातोडी उचलली, ती आपली नाही हे पाहून परत ठेवली, आणि फाटकातून निघून गेला. सासू आतून विचारत राहिली, "भांडताय कशाला रे? खेचर अडलं का?"

त्यानंतर तो घरी यायचा तो फक्त नवरा कामावर असताना, आईला भेटायला. तिच्याशी बोलायचा, पाणी मागून प्यायचा, नजर मात्र पेल्यात. नवरा पुढे मोजणीचा विषय निघाला की म्हणायचा, पेटी नवी टाकेन, एक्सल नवा घालेन, पण एकट्याने काही होईना. रविवार येत, तो परसात जाई, ताडपत्रीचं एक टोक उचलून पाही आणि परत येई. चार महिन्यांनी सासू गेली. तिला डोंगरावरचं वारं मिळालं नाही. उशाशी पंखा होता. धाकटा तेव्हा आला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, खाटेच्या या बाजूला थोरला. दोन भावांच्या मध्ये एक आई, आणि तीही आता काही बोलणार नव्हती. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याची छाती दुखली त्या सकाळी दवाखान्यात तो तिला म्हणाला होता, "त्याला सांगू नकोस मी इथे आहे." मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "का केलं असेल गं त्याने? मागितलं असतं तर मी जीवही दिला असता." तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला होता. मनात नाम चालू होतं. हातात सगळं होतं, अर्धा फेरा होता, तो तिने दिला नाही. होता हेच तिला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर मग आज एका ठिपक्यासरशी तो जसाच्या तसा कुठून आला? तबकडीच्या तळाला, जमिनीकडे तोंड करून?

दुपारी मिस्त्री डबा खायला बसला तेव्हा तिने दिराला फोन लावला. नंबर पाठ होता. सात वर्षांत लावला नव्हता.

"भाऊजी, मी बोलतेय."

पलीकडे कसलासा पत्रा वाजला, मग थांबला. "बोला वहिनी. बरं आहे ना सगळं?"

"गाडी सुटी करतायत. तुम्ही एकदा या."

"माझं काय काम आता तिथे? माझ्या जीपचं काही मागायला मी येणार नाही, दादाला… तुम्हाला शब्द आहे."

"एक्सल मोजायचा आहे," ती म्हणाली. "एकट्याने होत नाही."

पलीकडे पत्रा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "उद्या येतो. नऊनंतर. तुमचं सुटलं की."

त्याला आठवत होतं. सात वर्षं ज्या घराने त्याला चोर म्हटलं त्या घराची वेळ त्याने जपून ठेवली होती.

"आठला या," ती म्हणाली.

"आठला? तेव्हा तुमचं मौन—"

"आठलाच या, भाऊजी."

मिस्त्रीला तिने सांगितलं, एक्सल तसाच राहू दे, उद्या जरा उशिरा या. "मुहूर्त काढलात वाटतं भंगाराचा," तो म्हणाला आणि सामान आवरून गेला. सकाळी ती नेहमीसारखी उठली, अंघोळ केली, दिवा लावला. हात जोडले आणि मागायला काही सुचेना. क्षमा मागावी तर ती देवाकडची थकबाकी नव्हती. एरवी दिव्यासमोर बसलं की एक दार मिटल्यासारखं वाटायचं, आतली खोली थंड, सारवल्यासारखी स्वच्छ. आज त्या खोलीत कुणीतरी आधीच बसलेलं होतं. इतकी वर्षं या तासात मी काय सांभाळत होते, तिला वाटलं, तुझं नाव की माझं मौन?

फाटक वाजलं. आठ वाजून पाच मिनिटं. तो पिकला होता. दाढीचे खुंट पांढरे, चालताना एक खांदा खाली. दारातून त्याने नुसती मान लववली, बोलला नाही, तिच्या नेमाला त्याने तोंड मिटूनच नमस्कार केला. मग सरळ परसात गेला. वरचं धूड पाहिलं, त्याच्या कडेवरून हात फिरवला, जिथे दोघांनी मिळून टाके घातले होते तिथे जरा थांबला. एक्सलशी आला, चालत्या वासराला थोपटावं तसं त्याच्या पोटाला थोपटलं. तबकडीवरचा ठिपका त्याने पाहिला की नाही, तिला कळलं नाही. त्याने एका चाकाला पाचर मारली, ठिपका वरच्या कडेला आणून ठेवला, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उकिडवा बसला. पाठ तिच्याकडे. खिशातून खडू काढून टायरवर खूण केली. खडू तो बरोबर घेऊन आला होता.

तिला बोटांनी दाखवायला सांगायचीही त्याला गरज वाटली नाही. मान वळवून त्याने फक्त पाहिलं, तयार आहात ना, असं. आणि चाक फिरवायला लागला.

ठिपका खाली गेला. वर आला.

"एक," ती म्हणाली.

चाक थांबलं. त्याची पाठ ताठ झाली. बावीस अधिक सात वर्षांत त्या तासात त्या घरात तो आवाज कुणी ऐकला नव्हता. तिने स्वतःही नाही. घोगरा होता, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. मागे वळून न पाहता त्याने पुन्हा हात लावला.

"दोन. तीन."

चाक आता फार हळू फिरत होतं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे हिरवे गज सकाळच्या उन्हात होते.

"चार."

ठिपका वर आला आणि थांबला नाही. तिचं बोट, तिच्याच बोटाच्या रेघा, उतरत गेल्या, बाजूला गेल्या, खाली गेल्या. खडूची खूण दुसऱ्यांदा वर येऊन थांबली.

"आणि?" त्याने विचारलं. पाठ तशीच.

"आणि अर्धा," ती म्हणाली. "त्या दिवशीही अर्धाच होता, भाऊजी. माझं बोट आहे तिथे, बघा. हाच होता. तुम्ही बदलला नव्हता. मी पाहिलं होतं आणि हो म्हणून मान हलवली."

तो उठला नाही. दोन्ही हात चाकावर, कपाळ हातांवर. पलीकडच्या घरात कुणीतरी बादली भरत होतं. पाणी काठाशी आलं की आवाज बदलतो तसा तो बदलला आणि बंद झाला. तिला वाटलं आता तो बोलेल, काहीही बोलेल, शिवी देईल. ती वाट पाहत उभी राहिली. तो बोलला तेव्हा चाकाशीच बोलला.

"आई रोज विचारायची, रस्ता झाला का रे. मी सांगायचो, दरड कोसळलीय, काढतायत." त्याने नाक ओढलं. "चार महिने मी एक दरड काढत होतो, वहिनी."

म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि गप्प राहायचा हक्क तिने आताच घालवला होता. तो वाकला, त्याने हाताने चाक उलटं फिरवून खडूची खूण पुन्हा होती तिथे आणली. ठिपका मागे मागे येत वरच्या कडेला बसला. मग त्याने बाही डोळ्यांवरून ओढली. त्याच्या नाकावर वंगणाचा पट्टा उमटला, तसाच, त्याच जागी.

"पुन्हा मोजा," तो म्हणाला. "जरा मोठ्यानं. दादाला कमी ऐकू यायचं म्हणे शेवटी."

चाक फिरायला लागलं. आणि नऊ वाजायला अजून पाऊण तास असताना, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, ती पहिल्यापासून मोजायला लागली.